म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका

‘डॉक्टरसाहेब, वय झालं त्याचं, म्हणून घरात लघवी करतो.’ आठ-नऊ वर्षांचा नर कुत्रा घेऊन येणारे बरेच जण असंच सांगतात. वय झालं हे खरं, पण वय म्हणजे आजार नव्हे. दुखणं बहुधा वेगळंच असतं.

खच्चीकरण न केलेल्या नराची प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर वाढते आणि मूत्रमार्गातले जंतू तिच्यात सहज घर करतात. कुत्रा पाय वर करून बराच वेळ उभा राहतो, धार मात्र बारीक. लघवी नसतानाही रक्ताचे थेंब गळतात, बसलेल्या जागी लालसर डाग पडतो. शौचाला कुंथतो, विष्ठा चपटी येते. मागचे पाय आखडून चालतो, म्हणून घरचे संधिवात समजतात. नाक गरम लागलं म्हणजे ताप, असं समजू नका. थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजा. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. जुनाट संसर्गात तर ताप नसतोही.

पशुवैद्यक गुदमार्गातून बोटाने ग्रंथी तपासतात, लघवीची तपासणी आणि कल्चर करवतात. सोनोग्राफी लागली तर भंडाऱ्याहून नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. पुष्कळ अँटिबायोटिक औषधं या ग्रंथीत नीट पोहोचत नाहीत. जी पोहोचतात, तीही चार ते सहा आठवडे द्यावी लागतात. पाचव्या दिवशी कुत्रा खेळायला लागला की गोळ्या बंद होतात आणि महिन्याभरात तेच दुखणं परततं. औषध मध्येच सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. संसर्ग आटोक्यात आल्यावर खच्चीकरण करून घ्या. म्हातारा आहे म्हणून घाबरू नका, रक्त तपासून भूल देता येते.

आपल्या भंडाऱ्यात रोवणीच्या दिवसांत आणखी एक धोका असतो. धानाच्या बांध्यांतल्या साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा जंतू येतो. कुत्रा अन्न सोडतो, उलट्या करतो, डोळे पिवळे पडतात, लघवी गर्द होते. हा आजार माणसालाही होतो, त्यामुळे अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. लस दरवर्षी द्यावी लागते.

घरातली क्रोसिन, ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याला कधीच देऊ नका. म्हाताऱ्या कुत्र्याचं मूत्रपिंड किंवा यकृत त्यानेच निकामी होऊ शकतं. आणि कुंथूनही लघवीचा थेंब येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.