निर्यातीस शासकीय साहाय्य आणि आंजीचा कापूस

वर्धा–आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) या गावच्या शिवारात कापूस, तूर व सोयाबीन ही पिके घेतली जातात. यांपैकी कापसाचा भाव गावात ठरत नाही आणि वर्ध्याच्या बाजारातही तो पुरता ठरत नाही. रुईच्या भावावर परदेशी वायदेबाजाराचा, सरकीच्या भावावर तेल व पेंड यांच्या मागणीचा आणि या सर्वांवर हुंडणावळीच्या दराचा परिणाम होतो. म्हणून निर्यात वाढावी यासाठी शासन जे साहाय्य करते, त्याचा संबंध केवळ बंदरावरील व्यापाऱ्यांशी आहे, अशी समजूत करून घेणे बरोबर नाही.

वर्धा खोऱ्याला निर्यातीचा पहिला मोठा अनुभव आला तो अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा होताच इकडील कापसाचे भाव भडकले व हिंगणघाटचा कापूस विलायतेत नावाजला गेला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी सरकारने कापूस आयुक्तही नेमला. तेव्हा निर्यातीस सरकारी साहाय्य ही नवी गोष्ट नव्हे. परंतु त्या साहाय्याचा हेतू येथील अर्थव्यवस्था बळकट करणे हा नव्हता. येथून रुई जात असे व तिचेच कापड होऊन परत येत असे. सूत कातणे, विणणे व रंगविणे यांची मजुरी परदेशात राही. युद्ध संपताच भावही कोसळले. निर्यातीचा आकडा वाढला एवढ्यावरून देश सबळ झाला असे म्हणता येत नाही, हे यावरून लक्षात यावे.

ही गोष्ट हिशेबाने अधिक स्पष्ट होईल. रुईचा उतारा शेकडा ३४ धरल्यास पाच क्विंटल कापसापासून १७० किलोची एक गाठ तयार होते. उरलेल्या सरकीपासून तेल व पेंड मिळते आणि ती पेंड पुष्कळदा गावच्या गोठ्यातच परत येते. गाठ तशीच जहाजावर चढली तर देशाला रुईचे मोल मिळते. तिचे सूत करून पाठविले तर कताईची मजुरी देशात राहते. तयार कपडे करून पाठविले तर विणकर, रंगारी, शिलाई कामगार व बांधणी करणारे अशा अनेकांच्या हातांना काम मिळते. शासकीय साहाय्याचा मोठा भाग तयार मालाकडे वळविला जातो, त्याचे कारण हेच होय.

परकीय चलनाची गरज शेतकऱ्यालाही जाणवते. पंपासाठी व मळणी यंत्रासाठी लागणारे डिझेल ज्या खनिज तेलापासून होते, त्याचा फार मोठा भाग परदेशातून येतो. पोटॅश खत तर जवळजवळ सर्वच आयात करावे लागते. या मालाची किंमत मुख्यत्वे डॉलरमध्ये चुकती करावी लागते. १९९१ साली देशाची परकीय गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी खालावली होती. सोने परदेशात गहाण ठेवावे लागले व त्याच वर्षी जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन करण्यात आले. निर्यातीचा ओघ पुरेसा असता तर ही पाळी टळती किंवा निदान सौम्य झाली असती.

साहाय्य म्हणजे तिजोरीतून वाटलेली रक्कम, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः त्याचा बराच भाग परताव्याच्या स्वरूपाचा असतो. आपले कर परदेशी ग्राहकाच्या माथी मारल्यास आपला माल महाग होऊन तो दुसऱ्या देशाकडे वळेल, हे त्यामागील तत्त्व होय. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा निर्यातीस शून्य दर ठेवण्यात आला. तरीही मालमोटारीच्या डिझेलवरील कर, विजेवरील शुल्क व बाजार शुल्क हे मालाच्या किमतीत दडून राहतातच. ते परत देण्याची योजना २०२१ पासून अमलात आली. याशिवाय परदेशी ग्राहकाने पैसे बुडविल्यास निर्यातदार बुडू नये म्हणून १९५७ साली निर्यात जोखीम विमा महामंडळ स्थापन झाले. निकृष्ट माल पाठवून देशाचे नाव खराब होऊ नये म्हणून १९६३ साली निर्यात मालाच्या तपासणीचा कायदा करण्यात आला. ही कामे डोळ्यांत भरणारी नाहीत, पण रोख अनुदानापेक्षा ती अधिक टिकाऊ ठरली आहेत. अनुदानाला तर आता आंतरराष्ट्रीय मर्यादाही आहे, कारण शेतमालाच्या निर्यातीवरील अनुदाने बंद करण्याचा निर्णय २०१५ साली नैरोबी येथील जागतिक व्यापार परिषदेत झाला.

शासन मदत करू शकते तसे अडथळाही आणू शकते, आणि कापसाच्या बाबतीत हे घडले आहे. २०११-१२ च्या हंगामात भारतातून सुमारे १३० लाख गाठी निर्यात झाल्या. परंतु गिरण्यांना कापूस कमी पडेल या भीतीने ५ मार्च २०१२ रोजी निर्यातीवर एकाएकी बंदी घालण्यात आली. कापूस उत्पादक राज्यांतून तीव्र विरोध झाला व थोड्याच दिवसांत बंदी शिथिल करावी लागली. गिरणीला कापूस स्वस्त मिळावा ही मागणी अगदीच निराधार नाही, कारण गिरणीतील रोजगारही देशाचाच आहे. परंतु त्या स्वस्ताईचा भार घरात कापूस साठवून बसलेल्या शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. शिवाय करार मोडला की परदेशी ग्राहक दुसरा विक्रेता शोधतो आणि तो सहजी परत येत नाही. शासनाचे धोरण स्थिर असणे हेही साहाय्यच होय.

लहान कास्तकार मात्र दिवाळीची व उसनवारीची निकड भागविण्यासाठी बहुधा डिसेंबरपर्यंतच कापूस विकतो. त्यानंतर निर्यातीमुळे भाव चढला तरी तो त्याच्या पदरी पडत नाही. साठवणुकीची सोय व तारण कर्ज यांवाचून निर्यातीचा लाभ आंजीसारख्या गावापर्यंत पुरता पोहोचणार नाही.

आता परिस्थिती पालटली आहे. २०२४-२५ च्या हंगामात कापसाची आयात निर्यातीपेक्षा अधिक झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये आयातीवरील ११ टक्के शुल्क काही महिन्यांसाठी माफ करण्यात आले, तेव्हा गिरण्यांना दिलासा मिळाला व शेतकऱ्यांना चिंता वाटली. आपले हेक्टरी उत्पादन जागतिक सरासरीहून बरेच कमी आहे. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने केलेले नुकसान अद्याप विस्मरणात गेलेले नाही. फरदड न घेता हंगाम वेळेवर संपविणे हा त्यावरील साधा उपाय होय.

भारतीय रुईत कचरा व परकीय धागे आढळतात, ही परदेशी ग्राहकांची जुनी तक्रार आहे. स्वच्छ व प्रमाणित रुईला स्वतंत्र ओळख मिळावी म्हणून २०२० साली ‘कस्तुरी’ हे नाव जाहीर करण्यात आले. खताच्या प्लॅस्टिक पोत्याचा एक धागा रुईत मिसळला तर तो कापडावर रंग धरीत नाही व सबंध ठाण नाकारले जाऊ शकते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हे वेचणीस येणाऱ्या स्त्रियांना प्रत्यक्ष दाखवावे. दव वाळल्यावर वेचणी सुरू करावी. केस सुती फडक्याने बांधावेत व कापूस सुती ओटीत घ्यावा. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस व शेवटची कवडी निरनिराळी ठेवावी. हमीभावाने होणाऱ्या खरेदीत ८ टक्के ओलावा हे प्रमाण धरलेले असून १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतला जात नाही. म्हणून गाडी भरण्यापूर्वी कापूस स्वच्छ ताडपत्रीवर एक-दोन दिवस वाळवावा आणि पाणी शिंपडून वजन वाढविण्याच्या मोहात पडू नये.