तांबड्या मातीतला मल्ल

कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर या लहानशा गावी १९२६ साली खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. त्यामुळे कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरले. त्यांचे सारे डाव तांबड्या मातीत घोटलेले आणि तेथे तर कुस्ती गादीवर! मातीत रुतणारा पाय गादीवर ठरेना. त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. मायदेशी परतताच त्यांनी नेटाने सराव सुरू केला.

१९५२ साली हेलसिंकीला जावयाचे ठरले. पण पैसा कोठून आणावा? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मुलांनो, शिष्यावर एवढा विश्वास टाकणारे गुरू विरळाच!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना नमविले. पुढे जपानच्या इशीशी दीर्घ झुंज होऊन ते हरले. अंगावरचा घाम वाळला नाही, तोच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढण्याचा पुकारा झाला. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. परंतु तो बजावून सांगण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच गादीवर उतरले आणि हरले. तरीही कांस्यपदक त्यांचेच झाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कऱ्हाडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले व त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडविले.