युरोप खिशाला परवडेल का?

प्रश्न : आम्ही दोघे पुसदचे निवृत्त शिक्षक. एखादे जुने, ऐतिहासिक युरोपीय शहर पाहायची इच्छा आहे. पण सहल कंपनीशिवाय आणि भरमसाठ पैशाशिवाय युरोप शक्य नाही, असे सगळे म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : नाही. पॅरिस किंवा झुरिकच्या दरांवरून सगळ्या युरोपचा अंदाज बांधू नका. पोलंडमधले क्राकूव्ह पाहा. तिथला जुना शहरभाग 1978 पासून जागतिक वारसा यादीत आहे, शिवाय पायी फिरण्याजोगा आहे.

खर्चाचे तीन भाग करा. पहिला, एकदाचा खर्च : विमान, विमा आणि शेंगेन व्हिसा (शुल्क माणशी 90 युरो, सेवाशुल्क वेगळे). दुसरा, रोजचा : राहणे, जेवण, प्रवेशशुल्क. ‘बार म्लेच्नी’ या साध्या खानावळींत बटाटा-पनीर भरलेले पिएरोगी स्वस्तात मिळतात. मात्र शाकाहारी असाल तर वर मांसाचे तुकडे घालू नका, असे आधी सांगा. तिसरा, अडीअडचणीसाठी एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के.

काही काळजी घ्या. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट घेऊ नका. पोलंडचे चलन युरो नव्हे, झ्लॉटी आहे. कार्डाने पैसे देताना रुपयांऐवजी झ्लॉटी निवडा. जुलै-ऑगस्टची गर्दी टाळून सप्टेंबरात जा.

नागपूरहून आणि मुंबईहून निघण्याचे भाडे ताडून बघा. मुंबईपर्यंतचा प्रवास आणि मुक्कामही त्यात धरा. नीट आखणी केलीत तर हे स्वप्न तुमच्या आवाक्यात आहे. निर्धास्त तयारीला लागा.