औषधांची वही : माणसांसाठी आणि गोठ्यासाठी

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीवर निघालेल्या आमच्या निवासी विद्यार्थ्यांना आम्ही एक निराळा गृहपाठ दिला होता. माणसांच्या आणि गुराढोरांच्या लहानसहान दुखण्यांवर घरी काय उपाय करतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणावे, एवढाच तो गृहपाठ. सुटी संपवून मुले नांदगाव खंडेश्वरला परतली तेव्हा टेबलावर वह्यांची चळत लागली. हळद, ओवा, सुंठ, अडुळसा, बाळाची गुटी, बैलाच्या खांदेसुजीवरचा शेक, पोट फुगलेल्या बकरीला पाजायचे तेल, सारे काही त्यांत होते. त्यांतील एका वहीच्या शेवटच्या पानावर सातवीतल्या एका मुलीने पेन्सिलीने लिहिले होते : ‘माझ्या लहान भावाला जुलाब लागले होते. आजी म्हणाली, पाणी देऊ नका, पाण्याने जुलाब वाढतात. दुसऱ्या दिवशी तो गेला. हे वहीत लिहू का?’

त्या प्रश्नाने आम्हाला निरुत्तर केले. आजीचे प्रेम खरे होते, तिची वहीतील इतर औषधेही बहुतांशी चांगली होती. आणि तरीही त्यातील एका समजुतीने बाळ गेले. घरगुती उपायांची नुसती थोरवी गाणे किंवा त्यांना अडाणीपणा म्हणून हिणवणे, दोन्ही सोपे आहे. कोणता उपाय ठेवावा आणि कोणता टाकावा, हे ठरवणे अवघड. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालकांपुढे त्या वह्यांतील काही पाने आम्ही उलगडीत आहोत.

ही विद्या आपल्या परंपरेला परकी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडू लागले तेव्हा तूप, लोणी, तेल, मध आणि गूळकाकवी ही पाच औषधे भगवान बुद्धांनी अनुज्ञात केली. पुढे मुळांमध्ये हळद, आले व वेखंड, फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा व आवळा, पानांमध्ये कडुनिंब व तुळस यांची भर पडली. त्या पानांच्या यादीत कापसाचे पानही आहे, हे वाचून वऱ्हाडी माणसाला गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. पिंपळी तर आपल्याच जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीच्या परिसरात बारी समाजाचे शेतकरी पानपिंपळी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पिकवीत आले आहेत. तक्षशिलेत शिकणाऱ्या जीवकाला आचार्यांनी योजनभर परिसरात फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला, ही कथा याच ग्रंथातली. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे, आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याचे कोरून ठेवले आहे. माणूस आणि जनावर एकाच वाक्यात यावेत, हे आम्हाला मोलाचे वाटते. कारण ज्या घरात एकच बैलजोडी किंवा दोन बकऱ्या आहेत, त्या घरात जनावराचा आजार हा घरच्या माणसाच्याच आजारासारखा असतो.

उपाय लिहून ठेवण्याचे महत्त्व अलीकडच्या काळातही सिद्ध झाले आहे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. हळद जखमेवर लावतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजीला ठाऊक होते. परंतु तिचे तोंडी ज्ञान तेथे पुरावा म्हणून पुरेसे नव्हते. जुने लिखित आणि छापील आधार दाखवावे लागले. मुलांच्या वह्यांकडे आम्ही तेव्हापासून अधिक आदराने पाहतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पाणी बंद करणे म्हणजे सुकणाऱ्या रोपाचे पाणी तोडणे. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेवरील बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, साखर व सोड्याचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांकडूनच रुग्णांना पाजवले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण सुमारे साडेतीन टक्क्यांवर उतरले. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुलाब चालू असतानाही आतड्याच्या अस्तरातून साखर आणि मीठ जोडीने आत शोषले जातात व आपल्याबरोबर पाणी ओढून नेतात. नुसते पाणी किंवा नुसते मीठ हे काम तितके करीत नाही. म्हणून प्रमाणाला महत्त्व आहे. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झाले, ते ओतून द्यावे व नव्याने करावे. शासकीय दवाखान्यात मिळणारी क्षारसंजीवनीची पाकिटे याहून सरस, ती घरात असावीतच. लहान मुलाला घोटाघोटाने, वाटी-चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. आईचे दूध बंद करू नये. मोठ्या मुलाला भाताची पेज, ताक, वरणाचे पाणी द्यावे. डोळे खोल जाणे, लघवी न होणे, शौचात रक्त, सुस्ती, पिणेच थांबणे, यांपैकी काही दिसले की मूल उचलून दवाखाना गाठावा आणि वाटेतही पाजत राहावे. त्या मुलीने पुढे आपल्या वहीत समोरच्या कोऱ्या पानावर हे प्रमाण स्वतःच्या अक्षरात लिहिले. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आज जो कागद चिकटवलेला आहे, तो त्याच पानावरून उतरवला आहे.

सर्दी-खोकल्यावर वह्यांत सर्वांत अधिक उपाय होते आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी आहेत. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, आल्याचा रस व मध, चिमूटभर पिंपळीचे चूर्ण मधातून, रात्री हळद घातलेले दूध, यांनी घशाला आराम पडतो. मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातील विशिष्ट जंतूंच्या बीजाणूंपासून कोवळ्या आतड्यात विष तयार होऊ शकते. वाफ घेताना उकळते भांडे मुलाच्या मांडीशी ठेवू नये, हेही सांगून ठेवतो. आणि खोकला दोन आठवडे टिकला की काढ्याचे पातेले खाली उतरवून थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षय काढ्याला दाद देत नाही. तापाचेही तसेच. गुळवेल-तुळशीचा काढा पिऊन हिवताप किंवा डेंग्यू जात नाही. 2018 मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले, तो आजार झुडपांतील बारीक किड्यांच्या चाव्याने होतो. वेळीच योग्य औषध मिळाले तर बरा होतो, न मिळाल्यास जीव घेतो.

निवासी शाळेचा खरा शत्रू म्हणजे खरूज. एकाला झाली की पंधरवड्यात अख्खी खोली खाजवू लागते. कडुनिंबाचा पाला व हळद वाटून लावणे हा उपाय जवळजवळ प्रत्येक वहीत होता. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात 814 रुग्णांना हाच लेप दिला आणि 97 टक्के रुग्ण तीन ते पंधरा दिवसांत बरे झाले, अशी नोंद आहे. आम्ही हा आकडा सावधपणे वाचतो, कारण तुलनेसाठी दुसरा गट तेथे नव्हता. म्हणून आमच्याकडे डॉक्टरांनी दिलेले मलम मानेपासून तळपायापर्यंत सर्वांना एकाच रात्री लावले जाते, आणि पांघरुणे व कपडे उकळत्या पाण्यात काढून कडक उन्हात वाळवले जातात. एकट्या रुग्णाला मलम लावणे म्हणजे दार उघडे ठेवून खोली झाडणे. लेपाची आम्ही मनाई करीत नाही. मनाई आहे ती उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड केसांत घालण्याची. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. उवा मारण्याच्या खटपटीत दृष्टी धोक्यात घालू नये. त्यापेक्षा बारीक फणी बरी.

गोठ्याकडे येऊ. पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे जन्मगाव आपल्याच तालुक्यात, आणि त्यांच्या नावाच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. ते मुलांना एकदा तरी दाखवावे. दुभत्या गाईची कास सुजून दगडासारखी होते, तिला आपण दगडी म्हणतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेला उपाय असा : कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खाण्याचा चुना 15 ग्रॅम एकत्र वाटावे. लालसर लेप होतो. कास धुऊन, सडांतील दूध पूर्ण काढून, थोडा लेप पाण्यात पातळ करून दिवसातून दहा वेळा लावावा, असे पाच दिवस. त्या सडाचे दूध कोणाला पाजू नये, आणि जनावराला ताप असेल किंवा दुधात रक्त दिसत असेल तर पशुवैद्यकाला बोलवावे. लाळ्या-खुरकुतात तुरटीच्या पाण्याने तोंड धुणे व खुरांच्या जखमांना कडुनिंबाचे तेल आणि हळद लावणे उपयोगी, कारण त्यामुळे माशा बसत नाहीत आणि किडे पडत नाहीत; रोग मात्र लसच अडवते. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हाही हेच दिसले. लेपांनी गाठींच्या जखमा आटोक्यात राहिल्या, परंतु साथ रोखण्यासाठी शेळ्यांच्या देवीची लसच गाईबैलांना टोचावी लागली.

पोटफुगीवर गोडे किंवा जवसाचे तेल पाजण्याची रीत जुनी आणि योग्य आहे. तेलाने फेस मोडतो. चूक होते ती पाजण्यात. जनावराची मान वर ओढून, जीभ बाहेर काढून बाटली उपडी केली की तेल फुप्फुसात जाते आणि पोटफुगीतून वाचलेले जनावर फुप्फुसदाहाने मरते. मान जमिनीला समांतर ठेवावी, गालाच्या कडेने थोडे थोडे ओतावे, ठसका लागताच थांबावे. कोवळ्या ज्वारीचे पोंगे किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी खाऊन जनावर तडफडू लागले तर मात्र तेलही नको, गूळपाणीही नको. ते सायनाइडचे विष आहे. काही मिनिटांचा खेळ असतो आणि उतारा फक्त पशुवैद्यकाच्या सुईत असतो. फुलोऱ्यापूर्वीच्या ज्वारीत जनावर शिरू न देणे, हाच खरा घरगुती उपाय.

कुत्र्या-मांजरांविषयी शहरात स्थायिक झालेले आमचे माजी विद्यार्थी विचारतात. माणसाला मानवणारे सारे त्यांना मानवत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्याला अपायकारक. तापावरची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

काही पाने आम्ही वह्यांतून वगळली नाहीत, पण त्यांवर लाल रेघ मारली. आपल्याच जिल्ह्यातील मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात; गुरांनाही असेच डागतात. भाजलेल्या कातडीमुळे आतले दुखणे कमी होत नाही, जंतुसंसर्ग मात्र वाढतो. कुत्रा चावल्यावर जखमेत चुना किंवा मिरचीपूड भरतात. तेथे साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करून तिचा पूर्ण क्रम संपवावा. पिसाळीची लक्षणे एकदा दिसली की उपचार उरत नाही. साप चावल्यास चिरा देणे, आवळून बांधणे, कडुनिंब चघळवून विष ओळखणे, हे सारे वेळ दवडणे होय. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरून असंख्य जीव वाचवले, परंतु तेही रुग्ण वेळेवर पोहोचला तरच. कुत्रा, साप वा विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे गावात ठामपणे सांगावे.

आणखी एक पान कापसाच्या मुलखाचे. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी दूध, तूप पाजण्याची किंवा मिठाच्या पाण्याने उलटी करवण्याची घाई घरोघर होते. बेशुद्ध होत चाललेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते उतरते. आधी त्याला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे उतरवावेत, अंग व केस साबणाने भरपूर पाण्यात धुवावेत, 108 क्रमांकाला फोन करावा आणि औषधाचा डबा लेबलासकट सोबत न्यावा. डॉक्टर उतारा त्या लेबलावरून ठरवतात. धुणाऱ्याने स्वतःचे हात उघडे ठेवू नयेत. त्या शेतात बैल असतील तर त्यांनाही तेवढ्याच तातडीने धुवावे, फवारलेल्या धुऱ्यावरचे गवत त्यांना चारू नये, आणि तोंडाला फेस दिसताच 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकीय पथकाला कळवावे.