बालहृदयाची शस्त्रक्रिया आणि आईवडिलांची तयारी

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेलगत सुरगाणा हा डोंगराळ व आदिवासीबहुल तालुका वसलेला आहे. तालुक्याचे गाव नाशिकपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. परंतु पाड्यावरील कुटुंब हे अंतर बुडालेल्या मजुरीत आणि घरी मागे ठेवलेल्या धाकट्या भावंडांच्या काळजीत मोजते. अशा पाड्यावरील अंगणवाडीत तपासणी पथक येते, डॉक्टर बालकाच्या छातीला नळी लावून ऐकतात आणि ‘हृदयात दोष वाटतो’ असे सांगतात, तेव्हा आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. पुढे होणारी शस्त्रक्रिया काही तासांची असते. तिची तयारी मात्र कित्येक आठवड्यांची असते आणि तिचा मोठा भाग रुग्णालयात नव्हे, घरातच व्हावयाचा असतो.

दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयात जन्मजात दोष आढळतो. पूर्वी असे कितीतरी दोष निदानावाचूनच राहत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे फिरती पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. संशय आल्यास ‘इको’ ही तपासणी होते. तीत सुई नाही, वेदना नाही. ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाचे चित्र पडद्यावर दिसते, एवढेच.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. दोष उघड होताच घरात पहिले बोट आईकडे जाते. गरोदरपणी तिने ग्रहण पाळले नाही, काही भलते खाल्ले, असे म्हटले जाते. ग्रहणाचा या दोषाशी काही संबंध नाही. गर्भाचे हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडते आणि बहुतेक बालकांच्या बाबतीत दोषाचे एक असे नेमके कारण दाखविता येत नाही. जी आई पुढे रात्रंदिवस बालकाच्या उशाशी बसणार आहे, तिला अपराधी ठरवून कोणाचेच भले होत नाही.

दोष अनेक प्रकारचे असतात. हृदयाच्या कप्प्यांमधील पडद्याला लहानसे छिद्र असेल तर ते पुष्कळदा आपोआप बुजते. छिद्र मोठे असल्यास फुप्फुसाकडे वाजवीपेक्षा अधिक रक्त लोटले जाते. दूध पिताना बालक धापा टाकते, त्याच्या कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो. या अवस्थेत वाट पाहत राहिल्यास फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होतात व मग छिद्र बुजविण्याची वेळच निघून जाते. ‘जरा मोठे होऊ दे, मग पाहू’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा असला तरी तो घातक ठरू शकतो. भगताकडे जाणाऱ्यांनीही डॉक्टरांनी दिलेली तारीख त्यासाठी चुकवू नये.

दुसऱ्या प्रकारात ओठ व नखे निळसर दिसतात. मूल खेळता खेळता मध्येच उकिडवे बसते. ही खोड नसून त्या बसण्याने त्याला आराम पडतो. अशा बालकाचा निळेपणा एकाएकी वाढून ते कासावीस झाल्यास गुडघे छातीशी दुमडून त्याला कुशीत घ्यावे व त्वरित १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. निळ्या बालकांवरील शस्त्रक्रियेचे पर्व अमेरिकेतील बाल्टिमोर येथे २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सुरू झाले. हेलन टॉसिग यांची कल्पना, व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केलेली पद्धती आणि आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचा हात यांचा तो संगम होता. पुढे १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयाच्या आतील छिद्र यशस्वीपणे बुजविले. आजही हृदय थांबवून करावयाच्या शस्त्रक्रियेत रक्ताभिसरणाचे काम तसेच यंत्र सांभाळते.

घरातील तयारी

ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाण्याचे एक नेहमीचे कारण अगदी साधे असते: सर्दी, खोकला किंवा ताप. छातीत कफ असताना भूल देणे धोक्याचे ठरते. म्हणून तारखेपूर्वीचे काही आठवडे बालकाला चुलीच्या धुरापासून, गर्दीपासून आणि खोकणाऱ्या पाहुण्यांपासून दूर ठेवावे. लसी वेळेवर द्याव्यात. कोणती लस केव्हा, हे शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. वजन वाढणे महत्त्वाचे असल्याने धाप लागणाऱ्या तान्ह्याला थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. वरचे अन्न सुरू झालेल्या बालकाला नागलीची पेज, डाळ, अंडे हे घरचेच अन्न चालते. किडलेल्या दातांतील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोचू शकतात, म्हणून दातांवर आधी उपचार करून घ्यावेत. आदिवासी भागात सिकलसेलचा आजार आढळत असल्याने तीही तपासणी झाली आहे किंवा नाही, हे विचारून घ्यावे. भूल व यंत्र यांची आखणी त्यावर अवलंबून असते.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष होते आणि मग ऐन वेळी धावाधाव होते. जन्मदाखला, शिधापत्रिका व आधारकार्ड यांवरील नावात फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील संरक्षण २०२३ मधील निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. योजनेतील रुग्णालयात नेमलेले आरोग्यमित्र मंजुरीचे काम पाहतात. रक्तदानासाठी दोन-चार नातलगांची सोय लागू शकते, तीही आधीच करून ठेवावी.

मुलाला काय सांगावे, हा प्रश्न पालक टाळतात. ‘जत्रेला चाललो’ असे सांगून नेलेले मूल रुग्णालयात आईवरचाच विश्वास गमावते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन दिवस आधी सोप्या शब्दांत सांगावे, की डॉक्टर झोपेचे औषध देऊन छाती बरी करणार आहेत, उठल्यावर थोडे दुखेल आणि आई जवळच असेल. आवडते खेळणे सोबत न्यावे. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याची वेळ काटेकोरपणे पाळावी. रडते म्हणून चोरून दिलेला घोटभर दुधाचा पेला भुलीच्या वेळी श्वासनलिकेत जाऊ शकतो.

अतिदक्षता कक्षात बालकाच्या तोंडात श्वासाची नळी, छातीत निचऱ्याच्या नळ्या, अंगाला तारा असतात. हे दृश्य पाहून बाप माणसेही कोलमडतात. आधी समजावून घेतलेले असल्यास तेच दृश्य सोसवते.

घरी परतल्यावर छातीचे मधले हाड जुळण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मुलाला काखेत धरून उचलू नये. एक हात पाठीखाली व एक कुल्ल्यांखाली घालून उचलावे. दिवाळीनंतर तालुक्यातील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि फेरतपासणीची तारीख नेमकी त्या काळात येते. निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीला कामाचे ठिकाण व दूरध्वनी क्रमांक द्यावा. औषधे आणि इकोचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आईने आपल्याच गाठोड्यात ठेवावेत.