रोहिणीत सोडलेला वायू

पायाची रोहिणी तुंबली, की जखम चिघळते, पाय कापण्याचीही वेळ येते. अडथळा फुग्याने रुंद करता येतो. पण आधी तो क्ष-किरणांत दिसायला हवा. त्यासाठी आयोडीनयुक्त द्रव टोचतात. तो बाहेर टाकायचा मूत्रपिंडांनी, आणि तीच दुबळी असली तर?

मग कार्बन डायऑक्साइड वापरता येतो. सोडावॉटरच्या बाटलीत तुम्ही पाहता तोच वायू! आयोडीन क्ष-किरण अडवते. वायू रक्ताला क्षणभर बाजूला सारून त्यांना वाट मोकळी करतो. चित्र उमटते ते या फरकामुळेच. पुढे तो रक्तात चटकन विरघळतो आणि उच्छ्वासाबरोबर निघून जातो. साधी हवा चालणार नाही. तिच्यातला नायट्रोजन रक्तात फारसा विरघळत नाही, बुडबुडा अडकून बसतो.

गुडघ्याखाली मात्र चित्र पुसट येते. तेथे पुष्कळदा थोडा द्रव लागतोच. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांत हा वायू सोडत नाहीत.