डाउनलोड झालंय, पण आहे कुठे?

जुनी मराठी पुस्तकं, प्रताधिकार संपलेले चित्रपट आणि अधूनमधून लिनक्सची एखादी आयएसओ फाइल, एवढ्यासाठीच मी टॉरेंट वापरतो आणि बहुतेक वेळा फोनवरच. त्यामुळे आमच्या वाचकगटात कुणाचं डाउनलोड 'हरवलं' की फोन माझ्यासमोर येतो. "अहो, शंभर टक्के दाखवतंय, पण गॅलरीत नाही," हे वाक्य काकूंपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. आणि जवळजवळ दर वेळी फाइल आपल्या जागी शांत बसलेली असते. शोधणारा भलत्याच खोलीत शोधत असतो.

१. टॉरेंट फाइल म्हणजे पुस्तक नव्हे

डाउनलोड फोल्डरात काही केबींची एक फाइल सापडते, शेवटी '.टॉरेंट' असं लिहिलेलं असतं. ती उघडायला गेलं की फोन म्हणतो, ही कशात उघडू? इथेच निम्मे लोक अडकतात. लग्नपत्रिका हातात आली म्हणजे पंगत उठली असं नसतं. या फाइलीत फक्त माहिती असते: आत कोणत्या फाइली आहेत, त्यांचा आकार किती, त्यांचे तुकडे किती, प्रत्येक तुकड्याचा हॅश म्हणजे ओळखखूण काय, आणि बहुधा ट्रॅकर नावाच्या सर्व्हरचा पत्ता. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली ही पद्धत आणली आणि तिचा गाभा अजून तोच आहे. मॅग्नेट लिंक वापरली तर बऱ्याचदा ही छोटी फाइलही फोनवर दिसत नाही. म्हणून '.टॉरेंट' शोधून काढण्यात वेळ घालवू नका. डाउनलोड सुरू झाल्यावर ती पुसली तरी बहुतेक अ‍ॅप्सचं काही अडत नाही.

२. जागा आधी ठरवा, डाउनलोड मग

हा एकच धडा लक्षात ठेवलात तर पुढचे अर्धे वाचायची गरज नाही. अ‍ॅप टाकल्या टाकल्या सेटिंग्जमध्ये जाऊन फाइली कुठे साठवायच्या ते पाहा. मी फोनच्या मुख्य डाउनलोड फोल्डरात आणखी एक फोल्डर करून ठेवतो आणि प्रत्येक अ‍ॅपला तोच दाखवतो. लिब्रेटॉरेंट असो, फ्लड असो, दोन्हींत ही सोय आहे.

हे न करता जे मिळेल ते स्वीकारलं तर दोन सापळे आहेत. पहिला, 'अँड्रॉइड' फोल्डरातला 'डेटा' फोल्डर. तिथे प्रत्येक अ‍ॅपची खासगी खोली असते. अँड्रॉइड ११ पासून एका अ‍ॅपच्या खोलीत दुसऱ्याला डोकावता येत नाही, त्यात आपला फाइल मॅनेजरही आला. फाइल असते, जागा खाते, दिसत मात्र नाही. अशा वेळी फोन केबलने संगणकाला जोडावा, नोटिफिकेशनमध्ये 'फक्त चार्जिंग' असेल ते बदलून 'फाइल ट्रान्सफर' करावं. बऱ्याच फोनवर तो फोल्डर तिथून दिसतो. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं की खोलीही जाते, आतल्या फाइलींसकट. "अ‍ॅप नुसतं काढून परत टाकलं" एवढंच केलेल्या एका स्नेह्यांचा सगळा संग्रह असा गेला, आणि तो परत आणण्याचा उपाय माझ्याकडे नव्हता.

दुसरा सापळा मेमरी कार्डाचा. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून अ‍ॅप्सना कार्डावर कुठेही लिहिण्याची मुभा राहिली नाही, फक्त स्वतःच्या फोल्डरात. पुढच्या आवृत्तीत तुम्ही स्वतः फोल्डर निवडून परवानगी दिलीत तर अ‍ॅपला तिथे लिहिता येऊ लागलं. म्हणून 'या फोल्डराला परवानगी द्यायची का' असं फोन विचारतो तेव्हा घाईने मागे जाऊ नका. ती परवानगी दिली नाही तर काही अ‍ॅप्स कार्डावरच्या आपल्या खासगी खोलीत लिहितात, आणि आपण पुन्हा पहिल्या सापळ्यात.

३. नावाने शोधू नका

टॉरेंटमध्ये अनेक फाइली असतील तर अ‍ॅप त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर करतं. एकच असेल तर ती थेट ठरलेल्या जागी पडते. फोल्डराचं नाव मात्र टॉरेंट बनवणाऱ्याने ठेवलेलं असतं, ते आपल्या कल्पनेशी जुळेलच असं नाही.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर ते हमखास जुळत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली आपली असंख्य जुनी पुस्तकं आता इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. त्यांच्या फोल्डरांची नावं 'इन.अर्नेट.डीएलआय.२०१५' अशी सुरू होऊन पुढे एका लांबलचक आकड्यावर संपतात. आतल्या पीडीएफचं नाव रोमन लिपीत, आणि स्पेलिंग ज्याने टंकलं त्याच्या मर्जीचं. कीर्तनाची हौस असलेले एक आजोबा फोनच्या शोधपट्टीत देवनागरीत 'तुकाराम' टाइप करत बसले होते. फोन बापडा अक्षरं जुळवतो, त्याला पुस्तकातलं काय कळणार?

मी तीन गोष्टी करतो, याच क्रमाने. आधी टॉरेंटच्या अ‍ॅपमध्ये त्या नोंदीवर बोट ठेवून तपशील उघडतो. तिथे साठवणीची जागा पूर्ण पत्त्यासह लिहिलेली असते. बहुतेकांना हे पान आहे हेच माहीत नसतं. तिथे जमलं नाही तर फाइल मॅनेजरमध्ये तारखेनुसार क्रम लावतो, नुकतंच आलेलं वर येतं. चित्रपट असेल तर आकारानुसार, कारण फोनमध्ये एक जीबीच्या वरच्या फाइली असतात तरी किती?

गॅलरीत न दिसणं ही वेगळी भानगड. फोल्डरात '.नोमीडिया' नावाची रिकामी फाइल असली की गॅलरी त्या फोल्डराकडे बघतही नाही. काही गॅलऱ्यांना एमकेव्ही प्रकारचे व्हिडिओ पचत नाहीत. व्हीएलसी टाका आणि त्यातून फोल्डर उघडा, एवढ्यावर काम भागतं.

फाइल मिळाल्यावर नाव मराठीत बदलायचा मोह होतो, माझाही होतो. पण फोनमध्ये फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजून. म्हणजे साधारण ८५ चिन्हं. लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक असं सगळं नावात कोंबलं की 'नाव फार मोठं' असा निरोप येतो. आडनाव आणि पुस्तकाचं नाव पुरे. आणि नाव बदलण्याआधी सहावा धडा वाचा.

४. सगळंच घेऊ नका

इंटरनेट अर्काइव्ह २०१२ पासून आपल्याकडच्या साहित्याचे टॉरेंट देतं. तिथल्या एका पुस्तकाच्या टॉरेंटमध्ये पीडीएफ असते, नुसत्या मजकुराची फाइल असते, माहितीच्या चारदोन बारक्या फाइली असतात, आणि पानांच्या मूळ चित्रांची झिप असते. ही झिप पीडीएफच्या कित्येक पट मोठी. टॉरेंट जोडताना फाइलींची यादी येते, तिथे हव्या त्यावरच टिक ठेवा. ६४ जीबीचा फोन भरण्याचं कारण बहुधा या झिपाच असतात, व्हॉट्सअ‍ॅपचे सुप्रभात नंतर.

टिक काढलेली फाइलही कधीकधी थोडीशी उतरते आणि लोक गोंधळतात. टॉरेंटच्या लेखी सगळ्या फाइली म्हणजे एकामागोमाग जोडलेला एकच लांब पट्टा असतो आणि तुकडे त्या पट्ट्याचे पडतात. तुमच्या पीडीएफचं शेपूट आणि शेजारच्या फाइलीचं तोंड एकाच तुकड्यात आलं तर तो अख्खा तुकडा घ्यावाच लागतो. ती अर्धवट शेजारीण उघडत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

९९ टक्क्यांवर अडकणंही अर्काइव्हच्या टॉरेंटांत नेहमीचं. माहितीची एखादी बारकी फाइल टॉरेंट बनल्यानंतर बदलली जाते, मग तिची ओळखखूण जुळत नाही आणि अ‍ॅप तोच तुकडा पुन्हापुन्हा मागत राहतं. फाइलींच्या यादीत पाहा. पीडीएफसमोर शंभर टक्के असेल तर आपलं काम झालंय. थांबवा आणि वाचायला बसा.

५. आकार पूर्ण म्हणजे फाइल पूर्ण नव्हे

काही अ‍ॅप्स सुरुवातीलाच फाइलीची सगळी जागा अडवून ठेवतात. त्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये दीड जीबी दिसतं, आत माल दहा टक्केच. शिवाय तुकडे ओळीने येत नाहीत. जो तुकडा सगळ्यात कमी लोकांकडे आहे तो आधी घ्यायचा, अशी टॉरेंटची रीत आहे, म्हणजे दुर्मीळ तुकडा नाहीसा होत नाही. म्हणून अर्धा उतरलेला चित्रपट मध्येच ठोकळे दाखवतो आणि बंद पडतो. ओळीने उतरवण्याचा पर्याय बऱ्याच अ‍ॅप्समध्ये आहे, उतरता उतरता बघायचं असेल तर तो लावा. शंका आली तर फाइल मॅनेजरवर नव्हे, टॉरेंटच्या अ‍ॅपमधल्या टक्केवारीवर विश्वास ठेवा.

६. हलवायचं तर अ‍ॅपमधूनच

फाइल मॅनेजरमधून फाइल उचलून दुसरीकडे टाकली किंवा नाव बदललं की टॉरेंटचं अ‍ॅप तिला जुन्या जागी शोधतं. सापडली नाही की एकतर 'फाइल नाही' म्हणून थांबतं किंवा निमूटपणे पहिल्यापासून उतरवायला लागतं. हे दुसरं जास्त वाईट, कारण कळतं तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असतो. अ‍ॅपमध्ये जागा बदलण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर आधी नोंद काढून टाका, मग फाइलीचं काय करायचं ते करा. चुकून हलवलीच तर परत मूळ जागी, मूळ नावाने ठेवा आणि 'पुन्हा तपासा' हा पर्याय चालवा. अ‍ॅप प्रत्येक तुकडा ओळखखुणेशी ताडून पाहतं आणि असलेलं पुन्हा उतरवत नाही.

७. घेताना देताही असता

टॉरेंट उतरत असताना तुमच्याकडचे तुकडे इतरांना जात असतात, झाल्यावरही जात राहतात. दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर हे परवडत नाही. 'फक्त वायफायवर' हा पर्याय लावा आणि अपलोडला वेगमर्यादा घाला. पूर्ण बंद करणं मात्र मला पटत नाही. जुन्या मराठी पुस्तकाला जगात दोन-तीनच वाटेकरी असतात. रात्री फोन चार्जिंगला आणि वायफायवर असताना द्यायला काय हरकत आहे? रात्रीतून डाउनलोड आपोआप थांबत असेल तर फोनची बॅटरी-बचत अ‍ॅपला झोपवत असते, त्या यादीतून टॉरेंटचं अ‍ॅप वगळा.

या देण्यामुळेच कायद्याचा प्रश्न नुसत्या बघण्यापुरता राहत नाही. कालच्या शुक्रवारी लागलेला चित्रपट टॉरेंटवरून घेणारा तो वाटतही असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलाय. गटात कुणी असा फोन घेऊन आलं तर मी तो हातात घेत नाही, भाचा असला तरी. मोकळं साहित्य कमी नाही: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक मुक्त होतं आणि प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी चित्रपट. राम गणेश गडकरी गेले १९१९ साली, साने गुरुजी १९५० साली. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६चा.

८. नाव आणि शेपूट दोन्ही वाचा

चित्रपट म्हणून आलेली फाइल तीन एमबीची असेल किंवा तिचं शेपूट 'एपीके' असेल तर ती पुसा, उघडू नका. ओळखखुणा जुळल्या म्हणजे फाइल सुरक्षित, असं कुणी सांगेल. तसं नसतं. टाकणाऱ्याने जे बांधलं तेच तुमच्यापर्यंत पोचलं, एवढीच ती खात्री. त्याने विष बांधलं असेल तर तेही तंतोतंत पोचतं.

९. पुसण्याचे दोन प्रकार

टॉरेंट काढताना अ‍ॅप विचारतं, 'फाइलीही पुसायच्या का?' टिक नसेल तर यादीतून फक्त नोंद जाते, फाइल राहते. "सगळं डिलीट केलं तरी स्टोरेज फुल" याचं उत्तर बहुधा इथेच असतं. टिक असेल तर दोन्ही जातं आणि बऱ्याचदा कचरापेटीतही सापडत नाही. उलट फाइल मॅनेजरमधून पुसलेली फाइल अनेक फोनांत ३० दिवस कचरापेटीत राहते आणि तेवढे दिवस जागा अडवते. जागा आजच हवी असेल तर ती पेटीही रिकामी करा. कार्डावर 'कॉपी' करून मूळ प्रत फोनमध्ये तशीच ठेवणारेही पुष्कळ आहेत.

१०. टीव्हीवर न्यायचं असेल तर

ओटीजीने पेनड्राइव्ह लावला, जागा ३० जीबी रिकामी, तरी पाच जीबीचा चित्रपट जात नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि तिथे एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी चालत नाही. ३२ जीबीपर्यंतची मेमरी कार्डंही बहुधा अशीच येतात, ६४ आणि पुढची एक्सफॅट. पेनड्राइव्ह एक्सफॅट करता येतो, पण फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं आणि जुने टीव्ही एक्सफॅट ओळखतीलच असं नाही. त्यापेक्षा टॉरेंट निवडतानाच चार जीबीच्या आतली प्रत घ्या. १९३६च्या प्रिंटला त्याहून मोठी फाइल लागतही नाही.